संपतरावांचा कापूस

मी लीला चिवडा, म्हणजे आमचा बडोद्याचा ओला बटाट्याचा चिवडा, खात नाही. जन्म पाणीगेटचा, सगळं आयुष्य बडोद्यात गेलं, आणि चिवड्याला हात लावत नाही म्हटल्यावर लोक विचारतात, "मोहनाबेन, शुगर निघाली की काय?" शुगर नाही हो, शिसारी आहे. तो ओला आंबटगोड वास आला की मला नऊशे माणसांची चालणारी तोंडं दिसतात आणि मागच्या दाराशी उभे असलेले संपतराव दिसतात. एकदा सगळं सांगून टाकते, म्हणजे पुन्हा कोणी आग्रह करायला नको.

संपतराव मोहिते आमच्या हॉलमध्ये एसीच्या प्लांटवर होते. मी तिथेच बुकिंगला. बुकिंग हे नावाला. तिकिटं, पाहुणे, नाश्ता, हरवलेल्या छत्र्या, सगळं माझ्याच गळ्यात. हॉल सुभानपुऱ्याच्या पुढे, दोन हजार तीन साली उभा राहिला. त्या वर्षांत गावात पैसा नुसता वाहत होता. ज्यांचे वडील सायकलवर दुकानात जायचे त्यांच्या दारात तीन-तीन गाड्या आल्या होत्या. गाड्या झाल्या, बंगले झाले, मुलं अमेरिकेत पोचली, आता राहिलं काय? संस्कृती! मग पाच-सात कारखानदारांनी ट्रस्ट काढला आणि ठरवलं, की परदेशी वाद्यवृंदासाठी खास हॉल बांधायचा. मुंबईला आहे, मग आपल्याला का नको?

बांधला मात्र खरा. तिथे खोटं बोलणार नाही. परदेशातून आवाजाचा जाणकार आणला. तो महिनोन्‌महिने टाळ्या वाजवत आणि फुगे फोडत रिकाम्या हॉलभर फिरला. भिंतींना लाकूड, एकही भिंत सरळ नाही, मंचाखाली पोकळी, आणि माइक-स्पीकर कुठेच नाही. मंचावर कोणी कागद उलटला तर शेवटच्या रांगेत ऐकू यायचा. मी स्वतः ऐकलाय.

आणि लोक त्याला काय म्हणायचे? एसी हॉल. स्टेशनवर रिक्षात बसून हॉलचं नाव सांगितलं की रिक्षावाला डोकं खाजवायचा, मग म्हणायचा, "अच्छा, एसी हॉल! एम कहो ने, बेन." मे महिन्यात तिकिटं हातोहात खपायची. एक बाई तर दर वेळी खिडकीशी येऊन विचारायच्या, की प्रोग्राम लांबलचक आहे ना, घरी लाइट गेलेत. बडा घर पोकळ वासा म्हणतात तो हाच. वासे तेवढे परदेशी लाकडाचे.

या घरावर ट्रस्टने संचालक नेमले ते उदयसिंहराव. आपले मराठीच. संस्थानातल्या सरदार घराण्यातले. मराठी म्हणून मला आधी कोण अभिमान! रेशमी कुडता, कानात अत्तराचा फाया, आणि तोंडी एकच शब्द, 'संस्कारनगरी', म्हणजे आपलं बडोदं. चहा सांगायचा तरी संस्कारनगरी मध्ये यायची. चार वर्षांत या गृहस्थांनी एक कार्यक्रम शेवटपर्यंत ऐकला असेल तर मी नाव बदलून देईन. पहिल्या रांगेत बसायचं, फोटो निघाला की खाली मान घालून मोबाइल. गाढवाला गुळाची चव काय, म्हणतात. पण गाढव निदान गुळावर भाषण तरी करत नाही.

तर संपतराव. तीस वर्षं कोयलीच्या रिफायनरीत कॉम्प्रेसरवर काढली आणि मुदतीआधी निवृत्ती घेऊन इथे कंत्राटावर आले. ठेंगणे, खाकी शर्ट, वरच्या खिशात काहीतरी जड असायचं त्यामुळे तो खिसा कायम लोंबलेला. आणि दोन्ही कानांत कापूस. प्लांट तळघरात होता, बेचाळीस पायऱ्या उतरून. तिथे ब्लोअर, म्हणजे वर हवा ढकलणारे मोठे पंखे, सुरू असले की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नसे. तिथे कापूस घालणं समजू शकतं. पण हा माणूस रस्त्यावरून येतानासुद्धा कापूस घालून यायचा. लग्नाची वरात गेली, गरब्याचे स्पीकर लागले, दिवाळीचे फटाके, की हात खिशात आणि कापूस कानात. आमचे शिपाई त्यांना 'बहेरा काका' म्हणायचे. बहिरे? त्या माणसाइतके तिखट कान मी पाहिले नाहीत. वर येऊन दाराशी उभे राहायचे, कापूस काढायचे आणि म्हणायचे, "डावीकडच्या तिसऱ्या जाळीत स्क्रू ढिला आहे, मोहनाबेन." शिडी लावून बघावं तर खरंच ढिला.

त्यांची काम करायची एक पद्धत होती, ती कुठल्या पुस्तकात नव्हती. पंख्यांचा आवाज जाळीतून हॉलमध्ये येतोच. थोडा, पण येतो. वाद्यं जोरात चालली तर कळत नाही. हळू भाग आला की मात्र मागून घरघर ऐकू येते. संपतराव काय करायचे, कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी दहापासून हॉल थंड करत आणायचे. हवा नव्हे हो, हॉल. भिंती, खुर्च्या, मंचाच्या फळ्या, सगळं गार. गादीला हात लावला की शहारा यायचा. "भिंतीत गारवा साठवायचा," म्हणायचे, "आणि मग तो जपून खर्च करायचा." कार्यक्रम सुरू झाला की ब्लोअर हळूहळू खाली आणायचे. हळू भागाला अगदी किमान. साठवलेला गारवा पाऊण तास पुरायचा, कोणाला कळायचंही नाही. मागच्या दाराशी माझ्या टेबलाखाली एक बटण होतं. ते दाबलं की तळघरात लाल दिवा लागायचा. एकदा दाबलं तर खाली आणा, दोनदा दाबलं तर वाढवा. आमची एवढीच भाषा.

म्हणजे गंमत बघा. हॉलमध्ये शांतता करणारा माणूस स्वतः तळघरात घरघर ऐकत बसलेला. शंभराच्या वर कार्यक्रम झाले. संपतरावांनी त्यातला एकही ऐकला नाही.

पण प्रत्येक कार्यक्रमाची पत्रिका छापून आली की खिडकीशी यायचे. "हॉर्न आहे का हो यात?"

"नाही, संपतराव. चार जणच आहेत. व्हायोलिनवाले."

"बरं बरं." आणि गेले खाली.

पहिल्या वर्षी मला वाटलं, छंद असेल. दुसऱ्या वर्षी विचारलंच, हे हॉर्नचं काय खूळ आहे? तेव्हा त्यांनी वरच्या खिशातून ती जड वस्तू काढून माझ्या टेबलावर ठेवली. पितळेची छोटी फुंकणी, कडा झिजून गुळगुळीत झालेली. वाद्याला ओठ लावतात तो तुकडा.

त्यांचे वडील जगदेवराव संस्थानाच्या बँडमध्ये होते. इंग्रजी पद्धतीचा बँड, कागदावर लिहिलेलं संगीत वाचून वाजवायचे. जगदेवरावांकडे फ्रेंच हॉर्न. वेटोळं घातलेलं ते मोठं पितळी वाद्य असतं ना, ज्याच्या कर्ण्यात हात घालून वाजवतात, ते. संस्थान गेलं, बँड मोडला. वाद्यं सरकारजमा झाली. जगदेवरावांनी हा तुकडा तेवढा खिशात घालून आणला, चोरीच म्हणायची. मग पोटासाठी पाणीगेटच्या एका बँडवाल्याकडे लागले. लग्नाच्या वरातीत, फटाक्यांच्या धुरात, दुसऱ्याचा पोचे आलेला भोंगा फुंकायचा. घरी आले की भिंतीकडे तोंड करून बसायचे, म्हणे.

"मी नानांना वरातीतच ऐकलं," संपतराव म्हणाले. "काय ऐकणार? पुढे ताशा, मागे दारू प्यायलेले मामे. नाना म्हणायचे, संपत, हे तू जे ऐकतोस ते वाद्य नाही. याला छप्पर लागतं. छपराखाली एकटा हॉर्न हळू वाजला की माणूस बसल्या जागी गप्प होतो. मी वाजवलाय, मला माहीत आहे. तुला ऐकवू शकत नाही. पण कधीतरी ऐकायला मिळेल तुला. तोवर कान सांभाळ."

हा मनुष्य बापाचं ऐकून कान सांभाळत होता! रिफायनरीत बरोबरीचे सगळे दहा वर्षांत ठार बहिरे झाले, हे कापूस घालून शाबूत. चाळीस वर्षं! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. त्यांना ते आवडलं नाही. फुंकणी खिशात टाकून निघून गेले.

दोन हजार सातच्या फेब्रुवारीत युरोपातला एक वाद्यवृंद यायचं ठरलं. सत्तर माणसं. त्यांच्याकडून आलेल्या कागदात लिहिलं होतं, की मुख्य रचनेचे चार भाग. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला हॉर्न एकटा, जवळजवळ चार मिनिटं, अतिशय हळू. मी तो कागद घेऊन बेचाळीस पायऱ्या धावत उतरले. ब्लोअरच्या आवाजात ओरडून सांगणं शक्य नव्हतं, म्हणून ओळीवर बोट ठेवलं. संपतरावांनी दोनदा वाचलं आणि कापूस काढून माझ्याकडे बघत राहिले.

वेळही अशी, की हुकली तर गेलीच. एकतीस मार्चला त्यांची साठी, आणि कंत्राटही तिथेच संपणार. ट्रस्टने प्लांट एका कंपनीला द्यायचं ठरवलं होतं, सगळं म्हणे कॉम्प्युटरवर चालणार. पुन्हा हॉर्नवाला कधी येणार, आणि आला तरी संपतरावांना आत कोण घेणार? तिकीट दोन हजारांचं होतं.

आम्ही दोघांनी बेत केला. त्या दिवशी सकाळी दहाऐवजी सहापासून हॉल गार करायचा. पहिला भाग संपला की मी एकदा बटण दाबायचं. ते ब्लोअर नुसते खाली आणणार नाहीत, पार बंद करणार, आणि वर येऊन माझ्या शेजारी, मागच्या दाराशी उभे राहणार. चार मिनिटं ऐकणार आणि परत खाली. कोणाला पत्ता लागणार नव्हता. "दुपारी तालीम आहे, तेव्हाच ऐका ना," मी म्हटलं होतं. तर म्हणाले, "तालमीच्या वेळी ब्लोअर पुरे जोरात पाहिजेत, नाहीतर संध्याकाळी गारवा पुरणार नाही." म्हणजे हॉल रिकामा, शांत, हॉर्नवाली वाजवतेय, आणि हे तळघरात लोकांसाठी गारवा साठवतायत. माझाच जीव चडफडला.

आता माझ्या पापाकडे येते. नाश्ता माझ्याकडे होता. आपल्याकडे पाहुण्याला कोरड्या तोंडाने पाठवत नाहीत. मध्यंतरात प्रत्येकाला पाकीट द्यायचं, ही प्रथा उदयसिंहरावांनी पहिल्या दिवसापासून पाडली होती. आधी चिवडा पुठ्ठ्याच्या डब्यात द्यायचो. लीला चिवडा पडला ओला. तळातून तेल झिरपून खुर्च्यांच्या मखमलीवर डाग पडायला लागले. मी भांडून-भांडून डबे बंद करवले आणि कडक प्लास्टिकची सीलबंद पाकिटं सुरू केली. केवढी शहाणी मी! खुर्च्या वाचल्या म्हणून पाठ थोपटून घेतली होती. आणि मध्यंतरात बाहेर फॉयरमध्ये खायचंय, तर आवाजाचा विचार कोण करतो?

कार्यक्रम साडेसहाचा. मंत्री सव्वासातला आले. मग दीप पेटवायचा. तो पेटेना, कारण फोटोवाल्याला कोन मिळेना. मग प्रार्थना. मग शाल-श्रीफळ. एकेका कारखानदाराचा सत्कार, मग त्याने मंत्र्याचा सत्कार, मग मंत्र्याने संचालकांचा. फिटंफाट! मंचामागे सत्तर वादक आपापली वाद्यं कुशीत धरून तासभर उभे होते. त्यांच्या प्रमुखाला पुढे बोलावून उदयसिंहरावांनी त्याच्या डोक्यावर फेटा चढवला. तो कपाळावरून घसरून नाकावर आला. लोक हसले. ज्या मंचावर माइक आणायचा नाही म्हणून त्या परदेशी जाणकाराने लेखी घेतलं होतं, त्याच मंचावर माइक लावून उदयसिंहराव पस्तीस मिनिटं बोलले. संस्कारनगरी अकरा वेळा. मी मोजलं. दुसरं काय करणार होते?

तिकडे गारवा खर्च होत होता. नऊशे माणसं, मंचावरचे दिवे, व्हिडिओवाल्यांचे दिवे. संपतरावांनी सकाळपासून साठवलेलं सगळं त्या भाषणांत संपलं. संगीत सुरू झालं तेव्हा सव्वाआठ झाले होते, आणि लोक कार्यक्रमपत्रिकेने वारा घेत होते.

पहिला भाग दणक्यात झाला. संपला आणि धो-धो टाळ्या. मधे टाळ्या वाजवू नयेत, असं पत्रिकेवर मी ठळक अक्षरांत छापलं होतं, पण ती पत्रिका पंखा झालेली. उदयसिंहराव टाळ्या ऐकून उठले, मागे माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मध्यंतर रद्द. उशीर झालाय. नाश्ता इथेच जागेवर वाटा."

"साहेब, आत्ता? पुढचा भाग अगदी हळू आहे. पाकिटांचा आवाज होईल."

"अहो मोहनाबाई, लोक सहापासून बसलेत. मंत्रीसाहेब बसलेत. बडोद्यातून पाहुणा उपाशी गेला तर शोभेल का आपल्याला? वाटा म्हणतो ना!"

मी नाही म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही वाटलं, की लोक भुकेले असतील, पाकीट हातात तर देऊ, खातील नंतर. घराघरांतून आपण हेच शिकलेलो असतो. पाहुण्याचं पोट आधी, बाकी सगळं मागून. माझी माणसं ट्रे घेऊन धावली. रांगेतून रांगेत पाकिटं सरकली, "एक वधारे आपो ने, बाबा माटे," असं बाबासाठी एक जास्तीचं मागणं चाललं होतं. वाद्यवृंदाचा प्रमुख हात वर करून उभा होता. हात खाली करायचा, पुन्हा वर करायचा. असं पाच मिनिटं. मला त्याच्याकडे बघवेना.

शेवटी जराशी सामसूम झाली, आणि मी बटण दाबलं.

ब्लोअर थांबले. तोवर ती घरघर चालू होती हे ती थांबल्यावर कळलं. दार किंचित उघडलं आणि संपतराव माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. धापा टाकत होते, तोंडावर हात ठेवून धाप दाबत होते. नवा पांढरा शर्ट. कानांतला कापूस काढून त्यांनी मुठीत धरला. दुसरा हात खिशावर.

मंचावर मागच्या रांगेत एका बाईने ते वेटोळं उचललं आणि पहिला सूर आला. काय सांगू? तो कुठून आला तेच कळलं नाही. समोरून नाही, मागून नाही, सगळीकडून. हलका, जाडसर, उबदार. संपतरावांचे डोळे मिटले. जगदेवराव खोटं बोलले नव्हते. मी बसल्या जागी गप्प झाले.

पाच सूर झाले असतील. सातव्या रांगेत पहिलं पाकीट फुटलं.

कर्रर्र! अहो, त्या हॉलमध्ये कागद उलटलेला ऐकू यायचा, हे मी आधीच सांगितलंय. मग दुसरं फुटलं, मग वीस, मग दोनशे. कोणी दाताने फाडतंय, कोणी पाकीट मांडीवर आपटून. फाडून झालं की चिमटीने आत चुरचुर. मचमच, बोटं चाटल्याचा आवाज, एक ढेकर, आणि त्यावर "तीखुं छे, पाणी छे?" एकाचा मोबाइल वाजला, त्याने उचलला! "हा, बोल ने. ना ना, कॉन्सर्टमा छुं." ज्या लाकडाने व्हायोलिनची तार शेवटच्या रांगेत पोचवायची, त्या लाकडाने नऊशे तोंडांचं चघळणं इमानेइतबारे माझ्या कानाशी आणून ओतलं. शी! पहिल्या रांगेत उदयसिंहराव डोकं मागे टाकून पाकिटाच्या तळातला चुरा तोंडात झाडत होते. संस्कारनगरी!

मंचावर ती बाई वाजवत होती. तिचे गाल हलताना दिसत होते.

संपतरावांनी कानामागे हात धरला. मग दोन पावलं पुढे गेले, रांगांच्या मधल्या वाटेत. मान तिरकी करून, एक कान मंचाकडे, त्या कर्रकर्रीतून एखादा सूर वेचता येतो का बघत होते. ज्या कानांना ढिला स्क्रू ऐकू येतो त्यांना ते सगळं किती ऐकू येत असेल, याचा विचार करा. त्यांचा चेहरा मी बाजूने पाहिला. राग नव्हता त्यावर. किळस होती. ताटात केस निघाल्यावर जेवणारा ताट हळूच बाजूला सारतो ना, तशी.

तेवढ्यात उदयसिंहराव मागे वळले. मधल्या वाटेत प्लांटवाला उभा पाहून आधी दचकले. मग त्यांनी रुमालाने मान पुसली आणि बोट छताकडे करून गरगर फिरवलं. एसी. वाढव.

संपतराव वळले आणि माझ्याशेजारून गेले. मी कुजबुजले, "संपतराव, थांबा ना, अजून दोन मिनिटं आहेत." त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकलं.

मिनिटभराने ब्लोअर सुरू झाले. किमानवर नाही, अर्ध्यावर नाही. पूर्ण जोरात. संगीत चालू असताना असं त्यांनी चार वर्षांत कधी केलं नव्हतं. जाळ्यांतून वारा घोंघावत सुटला. चिवड्याचा आवाज त्यात बुडाला, मोबाइलवाला बुडाला, आणि हॉर्न तर पार बुडाला. ती बाई गाल हलवत होती, एवढंच. आणि हॉलभर एक सुस्कारा निघाला, "हाऽऽश!" नऊशे माणसं एकाच वेळी सुखावली. त्या संध्याकाळी सगळ्यांनी मनापासून दाद दिली असेल तर ती त्या वाऱ्याला.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, की कार्यक्रम दिमाखदार झाला आणि व्यवस्था उत्तम होती. उदयसिंहरावांनी ते कात्रण फ्रेम करून लावलं.

कार्यक्रम संपल्याबरोबर मी खाली गेले होते. हातात स्टाफच्या वाट्याचं पाकीट होतं. सवयीने उचललं होतं, दर कार्यक्रमाला त्यांच्यासाठी न्यायचेच. शेवटच्या पायरीवर माझ्या ध्यानात आलं आणि मी ते पदराआड लपवलं. लाज वाटली. ते डबे मी बंद करवले होते. ती पाकिटं मी आणली होती. वाटलीही मीच.

ब्लोअर अजून पूर्ण जोरात चालू होते. वर सगळा हॉल रिकामा, तरी चालू. टेबलावर ती पितळी फुंकणी होती आणि तिच्या शेजारी कापसाचे दोन बोळे. संपतराव ब्लोअरच्या समोर उभे होते, अगदी जवळ, उघड्या कानांनी. तिथे अर्धा मिनिट उभं राहिलं तरी माझं डोकं भणभणायचं. मी बोळे उचलून त्यांच्यापुढे धरले आणि कानाकडे बोट केलं.

त्यांनी माझ्या हातातले बोळे घेतले, परत टेबलावर ठेवले आणि माझ्या कानाशी तोंड आणून ओरडले, "आता कशासाठी?"

एकतीस मार्चपर्यंत मी रोज काही ना काही निमित्त काढून खाली डोकावत होते. ते ब्लोअरपाशी असायचे, आणि कापूस त्या टेबलावरच असायचा.